मुंग्या

डावा हात. कोपराच्या खाली चार बोटं.
विंचवरची तार सुटली आणि एलिओदोरोच्या
कातडीतून, स्नायूतून, शिरेतून गेली
ओल्या साबणातून दोरी जावी तशी.
डॉक्टरांनी शीर शिवली, कातडी शिवली,
आणि त्यांच्यामधला तो पांढरा दोरा
भिंगाखाली, केसाहून बारीक टाक्यांनी.
“म्हणजे झालं,” तो म्हणाला.
मी म्हटलं, आता कुठे सुरू झालं.

तालकाव्हानोच्या इस्पितळात, बंदराकडच्या खोलीत
मी हातांना शिकवते. एवढाच माझा धंदा.
त्याला सांगितलं: टाक्यापलीकडची तार आता मरेल.
विरघळून जाईल, उरेल नुसती नळी,
पाणी सोडायच्या आधीच्या पाटासारखी.
जिची ही तार, ती पेशी बसलीय वर,
मानेच्या मणक्यांशी. डोळ्याला दिसायची नाही,
पण तिचा एक धागा तुझ्या करंगळीच्या टोकाला.
आपण तुटलोय हे आधी तिला कळू दे.
मग ती निघेल. दिवसाला एक मिलिमीटर.

त्याने टेप मागितली.
तीनशे साठ.
“दिवस?”
दिवस.
“गोगलगायसुद्धा हसेल,” म्हणाला, आणि टेप
आपल्याच खिशात घालून गेला.

त्याचा मामा माकूळ विकायचा, माणसाएवढे,
किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेला.
मासे नकोत, मांस नको, त्यांना हवी असायची
माकळाच्या पाठीतली एक नस, शेवयीसारखी,
नुसत्या डोळ्यांनी दिसणारी.
तिच्यात तार खुपसून ते ठिणगी मोजत.
लहानपणी याने पाहिलं होतं: मेलेल्या जनावराची
नस, आणि पडद्यावर उसळणारी रेघ.
“आमची का नाही तेवढी जाड?”
आपल्या नसेला चरबीचं अस्तर आहे, मी म्हटलं,
ठिणगी त्यावरून उड्या मारत जाते.
माकळाला अस्तर नाही. त्याला जाडच व्हावं लागतं.
“म्हणजे गरीब,” तो म्हणाला.

फेब्रुवारीत करंगळी तव्याला चिकटली.
वास आधी आला. जळतंय ते आपलं,
हे त्याला बायकोच्या ओरडण्यावरून कळलं.
ओर्तेन्सियाने लोकरीचा मोजा विणला, दोन बोटांचा,
आणि रोज रात्री ती बोटं स्वतः तपासू लागली,
तांदूळ निवडावेत तशी.

दर मंगळवारी मी मनगटाकडून वर
एका बोटाने टकटक करत जाई.
इथे? नाही. इथे? नाही.
इथे?
“मुंग्या,” तो म्हणाला. “इथे मुंग्या आल्या.”
तिथे मी पेनाने ठिपका देई.
धाकटी मिसाएला घरी गेल्यावर त्या ठिपक्याला
सहा पाय काढी, मिशा काढी.
मार्चमध्ये एक मुंगी, मेमध्ये पाच,
एकामागे एक, कोपराकडून निघालेल्या,
आंघोळीने पुसल्या की ती पुन्हा काढायची,
कधी जागा चुकवून, बापाच्या बाजूने दोन बोटं पुढेच.

जुलैत मनगटाजवळ थांबल्या.
पाच मंगळवार तोच ठिपका.
सहाव्याला तो आलाच नाही. कोणी म्हणालं
उजव्या हाताने पेट्या उचलतोय, कोणी म्हणालं
पितोय. मी विचारायला गेले नाही.
मेंदूतलं करंगळीचं घर इतके दिवस रिकामं,
शेजाऱ्यांनी तिथे सामान टाकलं असणार.

सप्टेंबरात आला. दाढी वाढलेली.
हात पुढे केला, तळव्याच्या मध्यावर
निळ्या शाईची मुंगी.
“ही मिसाएलाने नाही काढली,” म्हणाला. “ही मी काढली.”

डिसेंबर. डोळे मिटलेले.
मी कापसाचं टोक करंगळीला लावलं.
“अनामिका,” तो म्हणाला.
चूक. वाढताना धागे शेजारच्या नळीत शिरतात,
पत्ते बदलतात. मेंदूला पुन्हा पाठ करावं लागतं
कोण कुठे राहतं. वर्षं लागतात. कधी होतंच नाही.
हे सगळं सांगायचं होतं.
“पुन्हा,” तो म्हणाला, डोळे न उघडता.
मी पुन्हा करंगळीला लावलं.
“अनामिका.”
बंदरात कुणाच्या तरी बोटीचा भोंगा झाला.
“पुन्हा.”